पाखरांची वाटी आणि घरचे ताट

वारणेच्या खोऱ्यातील एका गावचा आठवडी बाजार. पन्नाशीकडे झुकलेली एक शेतकरी गृहिणी भाजीवालीपुढे बसून मेथीची पेंडी उलटीसुलटी करून पाही. पानांच्या पाठीमागे मावा आहे काय, देठ कोवळा आहे काय, हे तपासून मगच ती पेंडी पिशवीत जाई. त्यानंतर दोन लाल गाजरे, एक ढबू मिरची, मक्याचे एक कोवळे कणीस, कोथिंबीर आणि लाल भोपळ्याची एक फोड, असा क्रम असे. शेवटी ती हमखास विचारी, "मावशी, मेथीवर औषध मारलंय का? कधी मारलंय?"

भाजीवालीस ह्या चौकशीचे नवल वाटे. एकदा तिने विचारले, "वैनी, पाव्हणं आल्यात जणू घरी?"

"पाव्हणं कुठलं, मावशी! पाखरांस्नी पायजे."

त्याच गृहिणीची घरासाठीची खरेदी मात्र पाच मिनिटांत आटोपे. दोन किलो बटाटे, दोन किलो कांदे, मूठभर हिरवी मिरची आणि स्वस्त मिळाली तर वांगी. त्या वांग्यांवर केव्हा फवारणी झाली, हे तिने कधी विचारले नाही.

ही पाखरे म्हणजे कॉकाटिल जातीच्या पोपटांची एक जोडी होय. ही जात मूळची ऑस्ट्रेलियातील. डोक्यावर तुरा, गालावर नारिंगी ठिपका, वजन सुमारे ९० ग्रॅम. पुण्यास शिकणाऱ्या मुलाने हौसेने ती आणली, सुटीत घरी ठेवली आणि कॉलेज सुरू होताच तो परत गेला. पाखरे मात्र आईकडे राहिली. शहरातून खेड्यात आलेल्या पुष्कळ पाळीव पक्ष्यांचा इतिहास असाच असतो. आईने त्यांची निगा कशी राखावी हे मुलाकडून व भ्रमणध्वनीवरील माहितीवरून शिकून घेतले, आणि ते इतके चांगले शिकून घेतले की तालुक्याच्या पशुवैद्यकांनीही तिची वाखाणणी केली.

स्वतःपेक्षा मुक्या जिवाच्या पोटाची काळजी अधिक वाहण्याची ही रीत आपल्या शेतकऱ्यास नवी नाही. औताच्या दिवसांत बैलास सरकी-पेंड चारून स्वतः चटणी-भाकरीवर भागविणारे शेतकरी प्रत्येक गावी होते व आहेत. व्यालेल्या गाईस गूळ-बाजरीचा शिजविलेला खुराक मिळतो. बाळंतिणीस तो तितक्या नेमाने मिळतोच असे नाही. परदेशातही ह्याच वृत्तीचे दर्शन घडते. इंग्लंड-अमेरिकेत पोपट पाळणाऱ्या कुटुंबांच्या शीतकपाटात पक्ष्यासाठी चिरून ठेवलेल्या भाज्यांचे डबे रांगेने मांडलेले असतात, आणि धनी मात्र रात्री पावाचे दोन तुकडे खाऊन झोपतो. तेथे हा थट्टेचा विषय होऊन बसला आहे. तथापि ज्या घरी हे घडते त्या घराची नुसती थट्टा करून भागत नाही. त्या घराने पक्ष्याच्या बाबतीत जे केले ते बरोबरच केलेले असते. ते का बरोबर, हे आधी समजून घेतले पाहिजे.

पक्ष्यास ताजी भाजी का लागते?

पूर्वी पिंजऱ्यातील पोपटास केवळ दाणे घालीत. राळे, बाजरी, करडई, सूर्यफुलाचे बी आणि पेरूची एखादी फोड एवढ्यावर त्याचे आयुष्य जाई. दाणा पक्ष्यास प्रिय असतो. सूर्यफुलाचे बी तर तो आधी वेचून खातो. परंतु ह्या बियांत स्निग्ध पदार्थ फार, चुना फार थोडा, आणि अ जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. रानातील पक्षी दिवसभर उडतो, नाना प्रकारची फळे, कळ्या, कोवळी पाने व कच्चे दाणे खातो. पिंजऱ्यातील पक्षी एका दांडीवर बसून तेलबिया फोडीत राहतो. परिणामी त्याच्या यकृतात चरबी साठते. अ जीवनसत्त्वाच्या अभावी तोंडाच्या, घशाच्या व नाकाच्या आतील नाजूक अस्तर जाड व कोरडे होते, पांढरे चट्टे उठतात, श्वासमार्गात रोगजंतूंचा शिरकाव सुलभ होतो. चुना कमी पडल्यास अंड्यावर आलेली मादी अंडे अडून दगावू शकते. आफ्रिकेतील करड्या पोपटास तर रक्तातील चुना घटल्यामुळे झटके येतात.

म्हणून पशुवैद्यक हल्ली सांगतात की, दाणा बेताचा असावा, त्यास तयार गोळीखाद्याची जोड द्यावी, आणि रोज ताज्या भाज्या बारीक चिरून घालाव्यात. भाज्यांतही गर्द हिरव्या व नारिंगी रंगाच्या भाज्यांस अग्रमान आहे. मेथी, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, गाजर, लाल भोपळा, पिवळ्या-नारिंगी गराचे रताळे ह्यांत कॅरोटीन नावाचा पदार्थ असतो व त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. पालक चालतो, परंतु त्यातील ऑक्झॅलेट चुन्यास बांधून ठेवीत असल्याने तो अधूनमधून व थोडा घालावा. मिरचीचे अनेकांस आश्चर्य वाटते. मिरचीतील तिखट द्रव्याची आग पक्ष्यांस जाणवतच नाही. त्यामुळे पोपट हिरवी मिरची आवडीने खातो ही जुनी म्हण-समजूत केवळ गोष्टीतली नव्हे, तर खरी आहे.

काही पदार्थ मात्र वाटीजवळही येऊ देऊ नयेत. हल्ली आपल्याकडेही काही ठिकाणी लागवड होऊ लागलेले ॲव्होकॅडो हे फळ पोपटास विषारी आहे. चॉकोलेट, चहा, कॉफी, मद्य, मिठाचे पदार्थ, कांदा व लसूण वर्ज्य होत. चहात बुडविलेले बिस्किट पोपटास भरविण्याची आपल्या घरांतील लाडकी पद्धत ह्याच यादीत बसते.

येथे कायद्याची गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. आपल्या रानात व बांधावरील झाडांच्या ढोलींत राहणारा कंठवाला हिरवा पोपट, मोठा पहाडी पोपट, तुईया ह्या सर्व देशी जातींना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण आहे. ढोलीतून पिले काढणे, ती विकणे, विकत घेणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे, मग घरातील मुले त्यास मिठ्ठू म्हणोत की राघू. असा पक्षी घरी असल्यास वन विभागास कळवावे. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेला पक्षी एकाएकी आकाशात सोडून दिल्यास तो जगण्याची आशा थोडी. परदेशी जाती पाळता येतात, तथापि आफ्रिकी करडा पोपट, मकाव यांसारख्या ज्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या सूचींत समाविष्ट आहेत, त्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार करावी लागते. कॉकाटिल त्या सूचींत नाही.

वाटीची शिस्त

वारणाकाठच्या त्या घरी सकाळी सहाला पिंजऱ्यावरील कापड निघे. गृहिणी प्रथम दोन्ही पाखरांस एकेक करून लहान तराजूवर बसवी. हा तराजू मुलाने पाठविलेला, ग्रॅमपर्यंत वजन दाखविणारा. वजन वहीत लिहिले जाई. पक्षी आजार लपवितो. पिसे फुगवून बसण्याइतका तो आजारी दिसला म्हणजे रोग बराच पुढे गेलेला असतो. वजन मात्र आधी बोलते. ९० ग्रॅमच्या पाखराचे ८ ते ९ ग्रॅम घटले तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे, हे तिला पाठ होते, आणि एकदा तिने एस. टी. ने तालुक्यास जाऊन ते केलेही होते.

नंतर भाजी. मेथीची पाने दोन पाण्यांत धुऊन, गाजर किसून, ढबू मिरचीचे बारीक तुकडे करून, मक्याचे चार दाणे घालून सारे एकत्र कालविले जाई. प्रत्येक पाखरास दोन लहान चमचे. तीन तासांनी उरलेली भाजी काढून टाकावयाची, कारण उन्हाळ्यात ओली भाजी लवकर आंबते. वाटी घासून उन्हात वाळवावयाची. पिंजऱ्यातील विष्ठा कोरडी झाडावयाची नाही. आधी पाणी शिंपडावयाचे, नाक झाकावयाचे, मग कागद गुंडाळावयाचा. पोपटाच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसास पोपटज्वर हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो, एवढ्यासाठी ही दक्षता. पक्षी पाळणाऱ्या प्रत्येक घराने ती घ्यावी.

एवढे झाल्यावर चूल. सकाळी चहा व रात्रीची उरलेली भाकरी. दुपारी भाकरी, बटाट्याचा रस्सा किंवा पिठले, कांदा. जेवण होताच पुन्हा चहा. घरात माणसे चार : नवरा, सासरे, सासूबाई व ती. सर्वांची जेवणे झाल्यावर ती बसे. भाजी उरलेली असेच असे नाही. चटणी असे.

उपकेंद्रातील आकडा

पौष महिन्यात गावच्या आरोग्य उपकेंद्रात बचत गटाच्या स्त्रियांची रक्ततपासणी झाली. आशाताई घरोघर जाऊन सर्वांस बोलावून घेऊन गेल्या. ह्या गृहिणीचे हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटर रक्तात ९ ग्रॅम भरले. गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीत ते १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तिला रक्तक्षय आहे असे समजतात, आणि ११ च्या खाली गेल्यास तो मध्यम स्वरूपाचा मानतात. जिना चढताना लागणारा दम, संध्याकाळी पिंढऱ्यांत येणारे गोळे आणि कायमचा थकवा ह्यांना ती "वय झालं" असे म्हणत आली होती.

ह्यात तिचे घर एकटे नाही. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५४ स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालील मुलांत तर हे प्रमाण १०० त ६९ च्या जवळ होते. ऊस, द्राक्षे, डाळिंब, कांदा व दूध ह्यांत अग्रेसर असलेल्या राज्याचे हे आकडे आहेत.

परिचारिकेने लोहाच्या गोळ्या दिल्या, जंतांची गोळी दिली आणि हिरव्या पालेभाज्या खाण्यास सांगितले. त्यावर ती गृहिणी जे म्हणाली ते नोंदवून ठेवण्यासारखे आहे. "घरात मेथी रोज येती की. पर ती पाखरांची."

ह्या एका वाक्यात साऱ्या प्रश्नाचे मूळ आहे. घरात भाजी नव्हती असे नाही, पैसा नव्हता असे नाही, ज्ञान नव्हते असेही म्हणता येत नाही. कॅरोटीन कोणत्या भाजीत आहे, हे ह्या बाईस अनेक शिकलेल्या माणसांपेक्षा अधिक ठाऊक होते. परंतु ते ज्ञान पिंजऱ्याच्या बाजूस राहिले, चुलीकडे आलेच नाही. कारण साधे आहे. पाखराचे वजन रोज होत होते, वहीत लिहिले जात होते, घटले तर कोणीतरी घाबरत होते. तिचे स्वतःचे वजन शेवटचे केव्हा झाले होते, हे तिला आठवत नव्हते. ज्याचे मोजमाप होते त्याची काळजी होते, आणि कुटुंबात गृहिणीचे मोजमाप कोणीच करीत नाही. गाभण म्हशीच्या तारखा दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहिणाऱ्या घरांतही ही स्थिती आढळते.

पेंडीचा हिशेब

आता थोडा हिशेब करावयास हरकत नाही. हा हिशेबच त्या घरास उपयोगी पडला.

दोन कॉकाटिल पाखरांस रोज मिळून चार लहान चमचे भाजी, म्हणजे सुमारे २० ग्रॅम पुरते. आठवड्यास १४० ग्रॅम झाले, अर्धा पावापेक्षा थोडे अधिक. हे १४० ग्रॅमही सहा प्रकारच्या भाज्यांत वाटले जावयाचे. कारण पक्ष्यास विविधता हवी. म्हणजे प्रत्येक भाजी आठवड्यास २३-२४ ग्रॅम. बाजारातील मेथीची एक बरी पेंडी निवडली तर दीड-दोनशे ग्रॅम पाने निघतात. पाखरांनी त्यांतील चिमूटभर खाल्ली. ढबू मिरचीचा एक काप खाल्ला. गाजराचा चौथा भाग खाल्ला. कणसाचे दाणे मोजून खाल्ले.

मग उरलेल्याचे काय झाले? ते शीतकपाटात राहिले. "पाखरांचे" म्हणून त्यास कोणी हात लावला नाही, आणि पुढच्या बाजारच्या आदल्या दिवशी पिवळी पडलेली मेथी, सुरकुतलेली मिरची व मऊ झालेले गाजर गाईपुढे पडले. पक्ष्यांसाठी आणलेल्या भाजीचा फार मोठा भाग दर आठवड्यास असा जात होता. गाईस तक्रार नव्हती.

आता दुसरी बाजू. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतील दिवसाच्या नमुना ताटात २००० कॅलरीच्या आहारासाठी ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे धरली आहेत, आणि भाज्यांत पालेभाज्यांचा समावेश आहे. बटाटा मुख्यतः पिष्टमय असल्याने त्याने ही गरज भागते असे मानू नये. चार माणसांच्या घरास ह्या मापाने दिवसाला १ किलो ६०० ग्रॅम, आठवड्यास ११ किलोंहून अधिक भाजी लागेल. इतकी भाजी एकदम कोणाच्या घरी येणार नाही हे उघड आहे. परंतु पाखरांच्या १४० ग्रॅमसाठी जितका जीव टाकला जातो, त्याचा काही अंश ह्या ११ किलोंच्या वाट्यास यावयास नको काय?

पालेभाजीने रक्तक्षय हटतो असे सरसकट सांगणे मात्र चुकीचे होईल, व कार्यकर्त्यांनी तसे सांगू नये. वनस्पतिज अन्नातील लोह शरीरात थोडेच शोषले जाते. ते वाढविण्यास जेवणात लिंबू, आवळा, पेरू अशा क जीवनसत्त्वयुक्त पदार्थांची जोड हवी. उलट जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा त्या शोषणात अडथळा आणतो. म्हणून चहा व जेवण ह्यांत निदान तासाभराचे अंतर ठेवावे. मोड आलेली मटकी, मूग, हरभरा ह्यांचा उपयोग होतो. अंडी-मांस खाणाऱ्या घरी तेही द्यावे. आणि हिमोग्लोबिन ९ वर आलेल्या स्त्रीने गोळ्या घेतल्याच पाहिजेत. त्यांना पर्याय नाही. गोळीने शौचास काळी होते, पोटात मळमळते, म्हणून ती आठवड्याभरात बंद करणाऱ्या स्त्रिया पुष्कळ. काळ्या रंगात भय नाही हे आधीच सांगितले तर निम्म्या गोळ्या उकिरड्यावर जाण्याचे वाचेल.

पिकविणाऱ्याचे ताट

पिंजरा नसलेल्या घरांनी ही हकिकत परकी समजू नये. ह्याच कुटुंबाने मागील पावसाळ्यात उसाच्या सरीवर आंतरपीक म्हणून कोथिंबीर व फ्लॉवर घेतला होता. माल चांगला आला. रात्री टेम्पो भरून तो वाशीच्या बाजारास गेला. घरी काय आले, तर टेम्पोत न मावलेले चार फुटके गड्डे. गोठ्यात दोन गाई आहेत. सकाळ-संध्याकाळचे दूध संकलन केंद्रावर जाते आणि घरात चहापुरते राहते. कोंबड्यांची अंडी दुकानदार नेतो. शेतमालाची विक्री करणे हा शेतकऱ्याचा व्यवसायच आहे, त्यास नावे ठेवण्यात अर्थ नाही. परंतु विक्रीस जाणारा माल मोजताना घरचा वाटा आधी बाजूस काढण्याची जुनी रीत मोडली, आणि तिच्या जागी नवी रीत आली नाही. जोंधळ्याची वर्षाची बेगमी करणारा शेतकरी भाजीची बेगमी करीत नाही. कारण भाजी "मिळतेच" अशी त्याची समजूत असते.

अशा घरी ग्रामस्तरीय कार्यकर्ता जातो तेव्हा त्याने काय करावे? पाखरांवरून गृहिणीस टोचून बोलू नये. मुलगा दूर असलेल्या घरात ती दोन पाखरे म्हणजे बोलणारी माणसेच असतात. तिला जे उत्तम येते तेथूनच आरंभ करावा. ह्या गावी आलेल्या कृषी सेविकेने तेच केले. तिने वाटी पाहिली, वही पाहिली, भाजी चिरण्याची पद्धत समजून घेतली आणि मग एवढेच विचारले की, पिंजऱ्यामागच्या मोरीचे पाणी कोठे जाते?

ते पाणी परसात मुरत होते. तेथे आळूची दोन पाने व बरेचसे डास होते.

परसातील चार वाफे

परसबागेस मोठी जागा लागते ही समजूत चुकीची आहे. दोन मीटर लांब व एक मीटर रुंद असे चार वाफे पुरेसे आहेत. कुजलेले शेणखत प्रत्येक वाफ्यास दोन पाट्या घालावे. साबणाचे पाणी वाफ्यास देऊ नये. भांडी विसळल्याचे, भाजी-धान्य धुतल्याचे पाणी चालते, व ते नाली काढून वाफ्यांकडे वळवावे.

पहिल्या वाफ्यात मेथी पेरावी. पंचवीस ते तीस दिवसांत ती काढणीस येते. सारा वाफा एकदम न पेरता अर्धा आज व अर्धा पंधरा दिवसांनी पेरल्यास घरात खंड पडत नाही. हे कळावयास सोपे आणि पाळावयास अवघड आहे. पुष्कळ परसबागा एकाच वेळी तयार होऊन एकाच वेळी संपतात व मग वर्षभर ओस पडतात. दुसऱ्या वाफ्यात माठ किंवा राजगिरा. उन्हाळ्यात मेथी लवकर फुलावर येते तेव्हा माठ साथ देतो. तिसऱ्यात पालक, पहिली कापणी महिन्या-सव्वामहिन्याने, पुढे पंधरा-वीस दिवसांनी पुनःपुन्हा. चौथ्या वाफ्यात थंडीच्या आरंभी गाजर व कडेने कोथिंबीर. गाजर निघाल्यावर तेथेच नारिंगी गराच्या रताळ्याचे वेल लावावेत. मध्यवर्ती कंद पिके संशोधन संस्थेची 'भू सोना' ही जात कॅरोटीनसाठी प्रसिद्ध आहे. लाल भोपळ्याचा एक वेल उकिरड्याच्या कडेस सोडला तर त्याकडे पाहावेही लागत नाही.

वाफ्यांपेक्षाही महत्त्वाचे ते एक झाड, शेवग्याचे. आपल्याकडे शेंगेसाठी शेवगा लावतात आणि पाला शेळीस घालतात. वस्तुतः पाल्यात कॅरोटीन, चुना व प्रथिने भरपूर असून तो बारमाही मिळतो. माणसाच्या उंचीवर शेंडा खुडून झाड बुटके ठेवावे, म्हणजे शिडी लागत नाही. कोवळा पाला पिठल्यात, वरणात किंवा थालीपिठाच्या पिठात घातल्यास वासाची तक्रार राहत नाही. जागा असल्यास कोपऱ्यात पेरूचे एक कलम लावावे. सरदार पेरू, ज्यास लखनौ-४९ असेही म्हणतात, तो १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्रात निवडला गेला. लखनौचे नाव असले तरी ही आपल्या मातीत निवडलेली जात आहे. पेरू जेवणाबरोबर खाल्ल्यास लोहाच्या शोषणास मदत होते, आणि पाखरांसही त्याची फोड चालते.

फवारणीची गोष्ट निराळी सांगितली पाहिजे. पालेभाजीवर मावा दिसताच उसासाठी आणलेले औषध पंपात उरले आहे म्हणून मारणारे शेतकरी आहेत. त्या औषधाच्या वेष्टनावर ज्या पिकाचे नाव नाही त्या पिकावर ते मारू नये, आणि शिफारस असलेल्या औषधाचाही वेष्टनावर दिलेला प्रतीक्षा काळ संपल्याखेरीज भाजी खुडू नये. परसातील चार वाफ्यांस औषधाची गरज क्वचितच पडते. मावा आलेले शेंडे खुडून टाकणे, निंबोळी अर्क शिंपडणे एवढ्याने भागते. पाखरांसाठी भाजीवालीस रोज विचारला जाणारा प्रश्न येथे विचारावा लागत नाही.

पुढे काय झाले

माघात वाफे तयार झाले. पहिली मेथी फाल्गुनात निघाली. निवडून झाल्यावर गृहिणीने सवयीने पाखरांची मूठ आधी बाजूस काढली. परंतु ह्या वेळी उरलेली परात चुलीकडे गेली. सासूबाईंनी लसूण घालून ती परतली. लोहाच्या गोळ्या घेणे चालू राहिले, दुपारचा चहा तीन वाजेपर्यंत पुढे ढकलला गेला. ह्यावर नवऱ्याने काही दिवस कुरकुर केली. वहीत पाखरांच्या वजनांच्या शेजारी आशाताईंनी आणखी एक रकाना आखून दिला. त्यात महिन्यातून एकदा चार माणसांची वजने व घेतलेल्या गोळ्यांची संख्या लिहिली जाते. वैशाखात पुन्हा तपासणी झाली तेव्हा हिमोग्लोबिन ११ च्या जवळ आले होते. १२ पर्यंत पोचावयाचे आहे, आणि त्यानंतरही गोळ्या काही महिने चालू ठेवावयाच्या आहेत, असे परिचारिकेने बजावले आहे.

जिन्याचा दम कमी झाला आहे. तक्रार उरली आहे ती सासऱ्यांची. मेथी, माठ, शेवगा सारे ते खातात. परंतु गोडसर लाल ढबू मिरची हे माणसाचे अन्न नव्हे, असे त्यांचे ठाम मत आहे. ती अजूनही बाजारातून एकच येते, आणि सारीच्या सारी पाखरांच्या वाट्यास जाते.